लुई ब्रेल : सहा टिंबांचा शिक्षक



४ जानेवारी जवळ आली की शाळेच्या परिपाठात लुई ब्रेल यांच्यावर एक छोटे भाषण होते. मुलगा किंवा मुलगी उभी राहते, लहानपणी डोळ्यात आरी घुसली, दृष्टी गेली, मग त्यांनी अंधांसाठी लिपी शोधली, एवढे सांगते आणि टाळ्या होतात. मीही कित्येक वर्षे मुलांकडून हेच भाषण पाठ करून घेत होतो. त्यात खोटे काहीच नाही. पण लिपी तयार झाली १८२४ साली आणि फ्रान्सने ती अधिकृतपणे मान्य केली १८५४ साली. मधली तीस वर्षे आपण भाषणातून गाळून टाकतो. खरे तर ती तीस वर्षे आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या आणि शाळांच्या कामाची आहेत.

मला ती आठवायला गेल्या वर्षी एक निमित्त झाले. सहावीतल्या एका मुलाचे वडील पालकसभेनंतर थांबले. ते पूर्ण अंध आहेत, मोबाईल बोलता ठेवून वापरतात. मुलाचा अभ्यास रोज तेच घेतात. त्यांनी अगदी शांतपणे विचारले, की सर, तुमच्या स्वाध्यायाच्या ठिकाणी माझा फोन फक्त फोटो एवढंच का म्हणतो? मी रोज संध्याकाळी सुवाच्य अक्षरात स्वाध्याय लिहून त्याचा फोटो पालकांच्या गटावर टाकत होतो, आणि माझ्या अक्षराचं कौतुकही व्हायचं! उत्तर देता आले नाही. त्या आठवड्यात मी ब्रेल यांचे चरित्र पुन्हा नीट वाचले. ते आज सांगतो.

लुई यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर असलेल्या कूपव्रे या खेड्यात झाला. वडील सिमों-रने ब्रेल हे घोड्यांचे साज आणि खोगिरे बनवणारे कारागीर. चार भावंडांत लुई शेंडेफळ. घरालाच लागून वडिलांचे काम चालायचे, चामडे, दोरे, सुऱ्या, आऱ्या असा सगळा पसारा. तीन वर्षांचा लुई वडिलांचे पाहून चामड्याला भोक पाडायला गेला आणि हत्यार निसटून डोळ्यात गेले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला. त्या काळात जंतुसंसर्गावर औषध नव्हतेच. पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले.

पुढचा भाग मला फार आवडतो. त्या काळी अंध मूल म्हणजे घरात बसवून ठेवायचे, नाहीतर भीक मागायला पाठवायचे, अशीच रीत. ब्रेल दांपत्याने तसे केले नाही. लुईला काठी दिली, घरातली कामे दिली. लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार करून वडिलांनी त्याला अक्षरओळख करून दिली, असे सांगतात. गावचे धर्मगुरू पाल्वी यांनी त्याला शिकवायला सुरुवात केली आणि गावच्या शाळेचे शिक्षक बेशरे यांनी त्याला सर्व मुलांबरोबर वर्गात बसवून घेतले. आज आपण ज्याला समावेशित शिक्षण म्हणतो आणि ज्याची प्रशिक्षणे करून करून थकतो, ते या खेड्यातल्या गुरुजींनी कोणत्याही परिपत्रकाशिवाय केले. मुलगा हुशार. ऐकून ऐकून पाठ करी आणि वर्गात पुढे राही. पण वाचन-लेखनाचा तास आला की हात बांधल्यासारखा बसून राही. शाळा चांगली होती, शिक्षक चांगले होते, फक्त पुस्तक त्याच्यासाठी नव्हते.

धर्मगुरूंच्या खटपटीने फेब्रुवारी १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत दाखल झाला. ही संस्था व्हॅलेंटिन आवी यांनी १७८५ मध्ये सुरू केलेली. क्रांतीच्या काळात तुरुंग म्हणून वापरलेली जुनी, दमट, कोंदट इमारत होती ती. पुढे लुई यांना जडलेल्या क्षयाचे मूळ त्याच भिंतींत असावे, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार मानतात.

आवी हे स्वतः डोळस. अंध मुलांना वाचता येईल हे त्यांनी जगाला पहिल्यांदा करून दाखवले, म्हणून त्यांचे ऋण मोठेच आहे. त्यांची युक्ती अशी होती : ओला जाड कागद मोठ्या खिळ्यांवर दाबायचा (छापखान्यातले खिळे बरं का, ठोकायचे नव्हेत) की रोमन अक्षरे कागदावर उठून येत. मुले त्यावर बोट फिरवून वाचत. पण अक्षर ओळखण्यासाठी त्याचा सगळा आकार बोटाने गिरवत जावे लागे. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जावी, असा तो वेग. अक्षरे मोठी, कागद जाड, म्हणून पुस्तके अवजड, महाग आणि मोजकीच. सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्या पद्धतीने मुलाला स्वतःला लिहिता येत नसे. लेखन हवे तर खिळे जुळवून छापायचे! वहीत टिपण काढणे नाही, घरी पत्र नाही, रोजनिशी नाही.

मग ती पद्धत चालू का होती? कारण डोळस माणसाला ती बघताक्षणी कळत होती. पाहुणे येत, मुलगा बोटाने वाचून दाखवी, पाहुण्यांना अक्षरे ओळखीची वाटत, आणि सगळे खूश. अंध आणि डोळस यांची लिपी एकच असावी, नाहीतर अंध माणूस आणखी एकटा पडेल, असे प्रामाणिकपणे वाटणारे लोकही होते. हेतू वाईट नव्हता. पण वाचायचे होते बोटांनी, आणि पसंती विचारली जात होती डोळ्यांची.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये नावाचे माजी तोफखाना अधिकारी आपली एक पद्धत घेऊन संस्थेत आले. कागदावर टोच्याने उठवलेली टिंबे, दोन उभ्या ओळींत प्रत्येकी सहापर्यंत, म्हणजे बारा टिंबांपर्यंतचा एक गट. प्रत्येक गट एका उच्चाराचा. मुलांनी बोटे फिरवली आणि त्यांना लगेच फरक जाणवला. रेघेपेक्षा टिंब बोटाला चटकन कळते! शिवाय पाटी आणि टोच्या असला की लिहिताही येते.

बारा वर्षांच्या लुईलाही ती आवडली, पण त्यातल्या खोडी त्यानेच हेरल्या. बारा टिंबांचा गट बोटाच्या पेरात मावत नाही, बोट वरखाली हलवावे लागते. ही पद्धत उच्चाराची असल्याने शुद्धलेखन त्यात नाही. विरामचिन्हे नाहीत, अंक नाहीत, संगीत नाही. म्हणजे निरोप लिहिता येईल, पण गणित करता येणार नाही आणि ग्रंथ वाचता येणार नाही. बार्बिये तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, आणि त्यांना हे शेंडेफळ सुधारणा सुचवत होते. त्यांना त्या फारशा रुचल्या नाहीत, आणि यात नवल वाटण्यासारखे काही नाही. अंधांना जुजबी निरोप लिहिता-वाचता आले तरी पुष्कळ झाले, अशीच बहुतेकांची समजूत होती. लुईला पुष्कळ नको होते, सगळे हवे होते.

मग तीन वर्षे हा मुलगा रात्री वसतिगृहातल्या खाटेवर आणि सुट्टीत कूपव्रेला घरी बसून टिंबे पाडत राहिला. हातातले साधन म्हणजे टोच्या, वडिलांच्या आरीचाच भाऊ. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, लिपी मनासारखी झाली.

ती समजून घेऊ, कारण वर्गात फळ्यावर दाखवण्यासारखी आहे. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबांच्या जागा. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक जागी टिंब आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शक्यता. दोनचा सहावा घात ६४. त्यातला एक रिकामा गट शब्दांमधल्या जागेसाठी, उरले ६३. पहिली दहा अक्षरे फक्त वरच्या चार जागांत बसवली. पुढची दहा म्हणजे तीच अक्षरे, फक्त तिसरे टिंब वाढवलेली. त्यापुढे तिसरे आणि सहावे, दोन्ही. म्हणजे दहा आकार पाठ झाले की बहुतेक वर्णमाला हाती आली. त्याच दहा आकारांआधी एक खूण लावली की अंक. पाठांतराचा बोजा कमी कसा करायचा, हे शिकणाऱ्याला जितके कळते तितके शिकवणाऱ्याला कळत नाही, हे इथे मान्य करावे लागते. आणि सगळा गट बोटाच्या पेराखाली एकदम मावतो. हलवायचे ते फक्त डावीकडून उजवीकडे.

१८२८ मध्ये ते तिथेच साहाय्यक शिक्षक झाले, १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक. इतिहास, भूगोल, गणित, संगीत शिकवत. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनही काम करत. १८२९ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडणारे पुस्तक काढले. त्यात शब्द, संगीत आणि चर्चमधील गायन टिंबांत कसे लिहावे हे समजावले, आणि बार्बिये यांचे ऋणही मोकळेपणाने मानले. गंमत अशी की हे पुस्तक छापले गेले आवींच्या जुन्या उठाव-अक्षरांत! नवी लिपी समजावायला जुनीच वापरावी लागली. १८३७ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या इतिहासाचे एक पुस्तक संस्थेने टिंबांत छापले.

संस्थाप्रमुख पिन्ये हे लुईंच्या बाजूचे होते. मुले वर्गात टिंबांत टिपणे घेत. पण अधिकृत मान्यता मिळेना. संस्था सरकारी, तिथे काय चालावे हे ठरवणारे सगळे डोळस. मुलांना सोयीचे आहे हा मुद्दा त्यांच्या लेखी दुय्यम होता.

याच काळातली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टिंबलिपी अंधांना डोळसांपासून तोडेल, हा आक्षेप लुईंनी ऐकला होता. त्यावर वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी १८३९ मध्ये दुसरी पद्धत काढली. टिंबे टिंबे जोडून साध्या रोमन अक्षरांचाच आकार कागदावर उठवायचा. प्रत्येक अक्षरासाठी टिंबांच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे अंध मुलाला ते न बघता लिहिता येई आणि गावाकडच्या आईला डोळ्यांनी वाचता येई. लिहायला वेळ लागे, म्हणून फूको या अंध मित्राने त्यासाठी यंत्र बनवले. घरापासून दूर वसतिगृहात राहिलेल्या माणसालाच हे सुचू शकते.

१८४० मध्ये पिन्ये यांना पदावरून दूर केले गेले आणि द्युफो हे प्रमुख झाले. त्यांनी टिंबलिपीवर बंदी घातली. डोळ्यांना वाचता येतील अशा नव्या वळणाच्या उठाव-अक्षरांची पुस्तके आणली. जुनी पुस्तके जाळली गेली असेही चरित्रकार लिहितात. शिक्षकाने स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर, स्वतःची लिपी वापरायची नाही! लुई तेव्हा तिशीत होते आणि क्षयाने खंगत चालले होते. भांडण्याइतकी ताकद नव्हती, स्वभावही नव्हता.

बंदी टिकली नाही, कारण मुलांनी ती पाळली नाही. मिळेल त्या टोकदार वस्तूने ती लपून टिंबे पाडत, एकमेकांना शिकवत, टिपणे पुरवत. शिक्षा होत असूनही. द्युफो यांचे साहाय्यक जोसेफ ग्वादे हे सारे जवळून बघत होते. त्यांनी टिंबलिपी अभ्यासली, त्यांची खात्री पटली आणि त्यांनी वरिष्ठांना समजावले. फेब्रुवारी १८४४ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले तेव्हा त्या समारंभात लुई ब्रेल यांच्या पद्धतीवर ग्वादे यांचा लेख वाचला गेला, आणि मुलांनी ऐकून टिंबांत लिहिण्याचे व ते बोटांनी वाचण्याचे प्रात्यक्षिक सर्वांसमोर झाले. व्यासपीठावर द्युफोही होते.

मला वाटते, ग्वादे यांचे नावही परिपाठात यायला हवे. त्यांनी काही शोधले नाही. अंध नव्हते. पण संस्थेच्या आत, खुर्चीवर असलेला एक माणूस, ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांच्याकडे नीट बघतो आणि वरच्यांना नियम बदलायला लावतो, या कामाचे मोल कमी नाही. मुख्याध्यापक कार्यालयात, शिक्षण विभागात, बँकेत, कुठेही असा एक माणूस असला तर पुष्कळ होते. नसला तर सोळा वर्षांच्या पोरांना चोरून लिहावे लागते.

लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी गेले. त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. विद्यार्थ्यांना त्यांनी वेळोवेळी उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या एका पेटीत होत्या आणि ती पेटी न उघडता जाळावी असे ते सांगून गेले होते, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत येते. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्यूची दखल घेतली नाही. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने अंधांच्या शिक्षणासाठी त्यांची लिपी अधिकृत केली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती उचलून धरली. अमेरिकेत मात्र वेगवेगळ्या टिंबपद्धतींचे भांडण विसाव्या शतकापर्यंत चालले. ज्याने त्याने आपली पद्धत पुढे केली आणि हेलन केलर यांच्यासारख्यांना वाचण्यासाठी अनेक पद्धती शिकाव्या लागल्या. १९५२ मध्ये, शंभराव्या पुण्यतिथीच्या वर्षी, लुईंचे अवशेष पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये नेण्यात आले. हात मात्र कूपव्रेच्या दफनभूमीत ठेवले. गावाने ते सोडले नाहीत.

आपल्याकडेही आधी हाच गोंधळ. भारतीय भाषांसाठी अनेक वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने युनेस्कोची मदत घेतली, गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी यांनी त्या कामाचे नेतृत्व केले, आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठीतला आणि बंगालीतला क एकाच टिंबांचा, पहिले आणि तिसरे. आपल्याला शिकवताना मजा वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. ब्रेलमध्ये काना-वेलांटी अशी वेगळी चिन्हे नाहीत, व्यंजनापुढे सरळ स्वरच लिहायचा. मराठी हा शब्द म, र, आ, ठ, ई असा लिहितात. कि लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर अशी उलटी कसरत नाही, क आधी, इ नंतर, जसे बोलतो तसे. २००९ मध्ये भारत सरकारने लुईंच्या द्विशताब्दीनिमित्त दोन रुपयांचे नाणे काढले होते. कुणाच्या डब्यात असेल तर वर्गात जरूर न्या, मुलांना त्यावर बोट फिरवू द्या.

आता माझ्या स्वाध्यायाकडे येतो. फोन बोलतो किंवा त्याला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर टिंबे वरखाली होतात, ते पडद्यामागच्या अक्षरसंकेतांवरून. फोटोत अक्षरसंकेत नसतात, ते नुसते चित्र असते. स्कॅन करून केलेली पीडीएफही चित्रच. आणखी एक घोटाळा खास आपल्या मराठीचा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली परिपत्रके आणि प्रश्नपत्रिका पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. डोळ्यांना सुंदर मराठी, आणि फोन वाचतो निव्वळ अगडबंब. आवींची पुस्तके आठवली ना? आजही पाहुण्यांना दिसायला छान, बोटांना आणि कानांना निरुपयोगी. युनिकोडमध्ये टंकले की हा प्रश्न मुळातच उरत नाही.

आज हे मर्जीवर राहिलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा माहिती व तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे अशी जबाबदारी टाकतो, आणि ती फक्त सरकारी कार्यालयांवर नाही, खासगी सेवा देणाऱ्यांवरही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेची मानके नुसती मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, किमान काही बंधनकारक हवीतच. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, बँकांची ऑनलाइन ओळख-पडताळणी दिव्यांगांना करता येत नाही या तक्रारीवरून, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. फीचा फॉर्म, प्रवेशाची जाहिरात, निकालपत्रक यांच्याकडे आपल्या शाळांनीही आता या नजरेने बघायला हवे.

मी स्वतः केले ते एवढेच. स्वाध्याय युनिकोडमध्ये टंकून मजकूर म्हणूनच पाठवू लागलो. आकृती असेल तर खाली दोन ओळींत ती शब्दांत सांगतो. भूमितीत हे अवघड जाते, पण शब्दांत सांगायला लागल्यावर माझ्याच दोन आकृत्या चुकलेल्या सापडल्या. पाठवण्याआधी फोन बोलता करून डोळे मिटून एकदा ऐकतो. पहिला स्वाध्याय पाठवला त्या रात्री त्या वडिलांचा फोन आला. मला वाटले आभार मानतील. त्यांनी सांगितले, की सर, चौथ्या प्रश्नात जोड्या लावायच्या आहेत, पण तक्ता वाचताना फोन आधी डावा रकाना सगळा वाचतो आणि मग उजवा, त्यामुळे कुठल्या समोर काय आहे ते कळत नाही. आता प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंनी क्रमांक देतो. तक्त्यांचे अजून पूर्ण जमलेले नाही, दर आठवड्याला त्यांना विचारतो.